दुरुस्ती

निवासी कलाशाळेत नववीच्या वर्गाला विषय मिळाला, 'आठवणीतला चेहरा'. तिने आईचा काढला. आईची हनुवटी लहानपणीच्या अपघाताने डावीकडे कललेली, त्यात एक डोळा जरा बारीक. कुणी कॅमेरा काढला की आई "भांडी पडलीत बाई" म्हणत स्वयंपाकघरात पळायची.

चित्रकलेच्या सरांना मुलांच्याच कागदावर चुका सुधारायची भारी हौस. "अगं, चेहरा काढलायस की भोपळा?" म्हणत त्यांनी तिचं खोडरबर उचललं, हनुवटी सरळ केली, डोळे सारखे केले.

"सर, आई अशीच आहे माझी," ती पुटपुटली.

"आई कुणाचीही असो, प्रमाण म्हणजे प्रमाण!"

शाळेच्या स्पर्धेत चित्राचा पहिला नंबर आला. फोनवर आई खळखळून हसली, "माझ्या या थोबाडाला बक्षीस? परीक्षकांना चष्मा लागलाय वाटतं!" सरांचा हात फिरल्याचं सांगायला तिची जीभ काही रेटली नाही.

वर्ष संपायच्या आत आई गेली, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. घरात तिचा एकही फोटो सापडेना. बाबा फोनवर म्हणाले, "बाळा, येताना ते बक्षिसाचं चित्र आण. भिंतीवर तेच लावू."

तिने घरी येऊन गुंडाळी सोडली आणि चित्र बाबांच्या हातात दिलं.



बाबा बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सुरेख काढलंयस गं. आता आईचं दाखव."