बेकरीवाल्याची झोप

बाप दाराशी उकिडवा बसून चौकटीला रबराच्या पट्ट्या चिकटवत होता. सायकलची जुनी ट्यूब त्याने उभी कापली होती आणि पंक्चरचं सोल्युशन लावून एकेक पट्टी अंगठ्याने दाबून बसवत होता. खिळे ठोकले असते तर काम लवकर उरकलं असतं. पण भिंतीपलीकडे बेकरीवाला झोपला होता.

बेकरीवाला म्हणजे त्यांचा भाडेकरू. घराला दोनच खोल्या. त्यातली मोठी, खिडकीची, त्याला दिली होती. तो रात्रभर भट्टीपुढे उभा राहायचा आणि दिवसा झोपायचा. माणूस भला. महिना लागायच्या आत भाडं हातावर ठेवायचा आणि त्यातूनच घराचा हप्ता जायचा, कारण बापाचे यंत्रमाग आता आठवड्यातून तीनच दिवस चालत होते. बेकरीवाल्याची अट एकच, दिवसा झोपमोड होता कामा नये.

काल वाऱ्याने हेच दार आपटलं. बेकरीवाला डोळे चोळत बाहेर आला. तो रागावला असता तर परवडलं असतं. त्याने नुसतं मनगट पुढे केलं. त्यावर भाजल्याचा ताजा डाग होता.

"वहिनी, माझी तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण झोप झाली नाही की हात भट्टीला लागतो. आता दुसरीकडे बघावं म्हणतो."

आईने हातापाया पडून त्याला थांबवलं. अजून एकदा बघतो, म्हणून तो आत गेला. हे 'एकदा' कालपासून दोघांच्या उरावर बसलं होतं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांनी पाय तर केव्हाच पोटाशी घेतले होते, तो राहायला आल्यापासून आवाजही आखडून घेतला होता. खुर्च्यांच्या पायांना चिंध्या बांधल्या. शिट्टी नको म्हणून कुकर माळ्यावर गेला आणि उघड्या पातेल्यात शिजवताना गॅस मात्र दुप्पट जळू लागला. आजीला कमी ऐकू यायचं. तिच्याशी कुजबुजणार तरी कसं? ती लेकीकडे राहायला गेली. मागांच्या खडखडाटात उमर गेलेला बाप साधं 'या, बसा' म्हणाला तरी शेजारी भांडण लागलं की काय म्हणून डोकावायचे. तो माणूस आता स्वतःच्या घरात चोरासारखा बोलत होता.

आणि त्यांची पोर बोलायला शिकली ती याच दिवसांत. तिला वाटलं, बोलणं म्हणतात ते हेच. 'बाबा' म्हणायची तेही कुजबुजून, पाणी मागायची तेही कुजबुजून. मध्यंतरी आत्या आली, तिने पोरीचे मुके घेतले आणि किती शहाणी गं बाई, म्हणाली. आई हसली होती. बापाला काही हसू आलं नव्हतं.

शेवटची पट्टी बसली. बापाने दार हळूच लावून पाहिलं. आवाज नाही. त्याला बरं वाटलं. वारं काही इतकं हळू लावणार नाही, म्हणून त्याने पुन्हा उघडून जरा जोरात लोटलं. दार मधेच अडलं. बिजागरीच्या फटीत पोरीचं बोट होतं. ती कधी मागे येऊन उभी राहिली ते त्याला कळलंच नव्हतं.

त्याने दार झटक्यात उघडलं. पण त्याचा हात बोटाकडे गेला नाही. तो आधी पोरीच्या तोंडावर गेला.

तिथे दाबण्यासारखं काही नव्हतंच. तळहाताखाली तोंड उघडं होतं, गरम वाफ लागत होती, आवाज नव्हता. त्याने हात काढला. पोर मान मागे टाकून रडत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, चेहरा लालबुंद. जन्मली तेव्हा हिच्या रडण्याने अख्खा दवाखाना जागा व्हायचा, नर्सनी हिचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं.

आई ओट्यापासून ओल्या हातांनी धावली, तीही चवड्यांवर. तिची नजर आधी बेकरीवाल्याच्या दाराकडे गेली, मग पोरीकडे. तिची तिलाच लाज वाटली असावी, कारण खाली बसून तिने पोरीचं काळंनिळं बोट आपल्या तोंडात धरलं आणि नवऱ्याकडे वर पाहिलंच नाही.

"अगं, हिला आवाजच फुटत नाहीये," बाप म्हणाला.

आईने बोट तोंडातून काढलं. "फुटतो. आवरून धरलाय तिनं."

त्याने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"रड, बाळा. बाबा नाही रागावणार. मोठ्यानं रड."

हे सगळं तो कुजबुजतच बोलला होता. पोर त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तो काय मागतोय ते तिला कळलंच नाही.

मग बापाने मनाशी म्हटलं, जाऊ दे. उठू दे त्याला, सोडू दे खोली, होईल ते होईल. मोठ्यानं कसं ओरडतात ते हिला आपणच दाखवायचं. मागांच्या खडखडाटात पलीकडच्या माणसाला हाक मारायला घ्यायचा तसा त्याने छाती भरून श्वास घेतला.

भिंतीपलीकडे खाट करकरली. बेकरीवाल्याने कूस बदलली होती.

आई जागच्या जागी थिजली. बापाने घेतलेला श्वास तसाच छातीत धरून ठेवला. पोरीचा हुंदका मात्र त्या दोघांच्याही आधी थांबला होता.