टॉर्कलची ओळ

आमच्या बेटावरच्या चर्चमध्ये पेटी नाही, बाजा नाही. म्हातारा इवार आमच्या गेलिक भाषेतल्या स्तोत्राची एकेक ओळ गातो आणि आम्ही ती आपापल्या लयीत लाटेसारखी ओढत नेतो. माझा नवरा टॉर्कल हमखास शेवटी पोचायचा. इवार थांबायचा आणि बाहेर आल्यावर टोमणा मारायचा, “लागली का रे होडी धक्क्याला? देव ताटकळलाय!” “देवाला कसली घाई? भूक तुलाच लागलीय!” टॉर्कल हसायचा. हिवाळ्यात त्याला किनाऱ्याच्या माळावर पुरलं. तेव्हापासून माझा आवाजच फुटत नव्हता. आज त्याची लोकरी टोपी मांडीवर घेऊन बसले. सगळ्यांची ओळ संपली, तरी इवार पुढची सुरू करेना. टॉर्कलला लागायचा तेवढा वेळ तो थांबून राहिला. बाहेर समुद्र ऐकू येत होता. मी टोपी घट्ट धरली आणि टॉर्कलची राहिलेली ओळ ओढत ओढत एकटीनं धक्क्याला लावली.