वळणावरची नवी खडी

जावयानं गाडी वळणाच्या अलीकडे लावली, दार उघडलं, आणि पहिलाच पाय घोट्यापर्यंत खडीत रुतला.

"सांभाळून, जावईबापू!" द्राक्षांच्या वेलींमधून सासरे हसत आले. "पाय मुरगळला तर लेक माझ्या नावानं बोटं मोडेल."

सासरे, आणि हसत! आपण चुकून भलत्याच मळ्यात शिरलो की काय, असं त्याला वाटलं. ह्या माणसानं आजवर त्याच्याशी बोलायचं ते हवापाण्याविषयी, तेही भिंतीकडे बघून. एकुलत्या एका लेकीनं मळा आणि वाइनचं तळघर सोडून सायकलींचं दुकान टाकलं, त्याचं सगळं खापर त्यांनी जावयाच्या डोक्यावर फोडलेलं. आणि आज बघावं तर वेलींच्या सावलीत खुर्च्या मांडलेल्या, ओल्या फडक्यात गुंडाळलेली गार बाटली, शेजारी पुसून ठेवलेले पेले.

"कशी काय वाटली वाट?" सासऱ्यांनी विचारलं.

त्यानं वर पाहिलं. टेकडीच्या माथ्यावरून वाट वेलींच्या रांगांमधून सरळ खाली येत होती आणि इथे, त्यांच्या पुढ्यात, एकदम काटकोनात वळत होती. परवापर्यंत ती दाबून बसलेली पांढरी माती होती, वर नुसती चिमूटभर बारीक खडी. बायकोनं स्वतः चालत येऊन ती पारखली होती आणि आपल्या दुकानाच्या आजच्या सायकलफेरीत घेतली होती. आता त्या वळणावर करड्या, धारदार दगडांचा थर होता. वर रोलर फिरलेला नव्हता. वळणाच्या बाहेर द्राक्षांचे लोखंडी खांब, त्यांवर ताणलेल्या तारा, आणि तारांपलीकडे खालच्या मळ्यात सरळ उतरणारी दगडी बांधाची उभी भिंत.

"ट्रॅक्टरनं आणली. फावड्यानं पसरली मात्र मी स्वतः," सासरे म्हणाले. त्यांच्या तळहातांवर फोड आले होते. "लेक सांगते, बाबा, लोक लांबून येतात ते डांबरासाठी नाही, खडीच्या वाटांसाठी. म्हटलं, सगळ्या मळ्यांत खडी आणि आमच्या वाटेला नुसती माती? बापानंच हात आखडता घेतला म्हणतील लोक!"

जावयानं बुटाच्या टोकानं खडी ढकलून पाहिली. मोकळ्या खडीत सायकल म्हणजे फरशीवर सांडलेल्या वाटाण्यांवरून पळणं. पुढचं चाक वळलं की गेलंच. आणि खडी इतकी सैल आहे हे वरून येणाऱ्याला वळणावर आल्याशिवाय कळणार नव्हतं.

"छान झालीय," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "फक्त थोडी जास्त झाली का, बाबा?"

"लेकीसाठी टाकलीय. मोजूनमापून टाकू?" सासऱ्यांनी पेला भरून त्याच्या हातात दिला. "घ्या. आजवर तुम्हाला कधी माझ्या हातानं दिली नाही. चूक माझीच."

त्यानं घोट घेतला. वाइन उत्तम होती. खिशातला फोन काढून त्यानं बायकोला लावला. घंटी वाजली ती मागे, त्याच्याच गाडीत, ट्यूबांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगात. अंगावर ओझं नको म्हणून सकाळी फेरीला निघताना फोन तिथेच टाकून गेली होती बाईसाहेब.

त्यानं पेला खाली ठेवला. "बाबा, ऐका. फावडं कुठाय? ही खडी ओढायला हवी. सायकल घसरेल इथे. ती पडेल."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हणजे मी काय मुद्दाम केलं?"

"छे हो! तसं कुठे म्हणतोय मी?"

"म्हणा की! माझ्याच वाटेवर माझीच लेक पाडायला निघालोय मी!"

"नाही हो बाबा. तुम्ही एवढ्या मायेनं केलंत, मला कळत नाही का? बसा तुम्ही. बसा आधी." आणि त्यानं त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, वाट किती सुंदर दिसतेय ते पुन्हा एकदा सांगितलं. मनातल्या मनात तो स्वतःला शिव्या घालत होता. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस धड बोलत होता, आणि ते तोडायचा त्याला धीर होत नव्हता.

"अहो, माझी पोर ती," सासरे निवळत म्हणाले. "ती कसली पडतेय! लहानपणी ह्याच उतारावर..."

माथ्यावर धूळ उठली.

जावई धावत सुटला. पायाखालून दगड निसटत होते, एक पाऊल वर टाकलं की अर्धं मागे येत होतं. तो गुडघ्यावर आपटला, उठला, दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं हलवू लागला. "थांब! अगं, थांब! ब्रेक लाव!"

धुळीतून पहिली सायकल निघाली. पिवळं हेल्मेट. तीच. बाकीचे बरेच मागे होते. चाकांच्या खरखरीत तिला काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

मागून धापा टाकत सासरे आले आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. त्यांनीही दोन्ही हात वर केले. "ये गं, बाळा, ये!"

वर तिनं मान उचलली. दोघांना पाहिलं. एवढ्या लांबूनही तिचं हसू दिसलं. मग तिनं हँडलवरचा एक हात सोडला आणि उंच करून हलवला.

"बघा," सासरे म्हणाले. "आपल्याला एकत्र पाहिलं ना तिनं! कशी सुसाट येतेय बघा."