रेनफ्रोबाई कोण?

"रेनफ्रोबाई!" वॉशिंग्टनहून आलेल्या साहेबानं हाक मारली.

ओझेला पटकन रांगेतून बाजूला झाली. मागून कुणी गोरी बाई येत असेल, तिला वाट द्यायला. अलाबामात रीतच तशी. बाई म्हणजे गोरी. काळी एकाहत्तर वर्षांची झाली तरी नुसती 'ए ओझेले'.

"अगं, कुठं निघालीस?" शेजारच्या व्हर्निसनं तिचा दंड धरला. "तुलाच बोलावतोय."

"मला कोण बाई म्हणतंय? उन्हानं डोकं फिरलं तुझं!"

ऊन होतंच तसं. पासष्ट सालचा ऑगस्ट. टपाल कचेरीच्या दारातून रांग इतकी लांब गेलेली, की शेपटाकडच्या पोराला मुंडक्याशी पोचेस्तोवर दाढी यावी. काळ्यांनाही मत देऊ द्या, असा नवा कायदा झाला होता, आणि त्यांची नावं लिहून घ्यायला हा साहेब आला होता. त्याआधी गावच्या कारकुनानं ओझेलाला मतदार व्हायच्या परीक्षेत चारदा नापास करून घरी धाडलेलं.

"रेनफ्रोबाई आहेत का? नसतील तर पुढचं नाव घेतो."

"आहे ना!" तिकिटांच्या खिडकीपाशी पाठमोरी उभी असलेली बाई वळली. गोरी. ओझेलाच्या आज्याला ज्यांनी विकत घेतलं होतं, त्या घरची सून. त्यांचंच आडनाव आज्याला चिकटलं, ते ओझेलापर्यंत आलं. तीस वर्षं ती त्यांचे कपडे धूत होती.

साहेबानं हातातला कागद पाहिला. "ओझेला रेनफ्रोबाई."

"ही?" गोरी बाई हसली. "अहो, ही आमची धुणेवाली! ओझेले, घरी जा बघू. नाहीतर उद्यापासून कपड्यांना येऊ नकोस."

व्हर्निसनं हळूच दंड सोडला. यात दुसऱ्यानं बोलण्यासारखं काही नव्हतं.

ओझेलानं टोपी सरळ केली. गळ्यापाशी घाम पुसला.

"तुमची निळी चादर दोरीवर आहे, बाई," ती म्हणाली. "वाळली की काढून घ्या."

मग साहेबाकडे वळली.

"मीच रेनफ्रोबाई."

"बसा," साहेब म्हणाला.

ती बसली. खुर्ची करकरली. गोरी रेनफ्रोबाई उभीच होती.