मागे उभा मामा

"मामा, कान वाजायला लागले," अंतरपाटासमोर उभी असलेली माझी भाची पुटपुटली. मामा म्हणून मी तिच्या मागे उभा होतो. मागच्या वेळी कान वाजले तेव्हा ती उभीच्या उभी कोसळली होती. कपाळाला सात टाके.

डॉक्टरांनी औषध दिलं नव्हतं. भरपूर मीठ-पाणी, मांडीपर्यंत घट्ट मोजे आणि चक्कर वाटली की पायांची कात्री करून आवळायचे, बस्स.

"आवळ!" मी कुजबुजलो.

"आवळलेत!"

"मग बस खाली."

"आजारी पोरगी गळ्यात मारली म्हणतील. पडले तरी बसणार नाही."

तेवढ्यात वराच्या आत्याबाईंनी माइक घेतला आणि स्वतः रचलेल्या मंगलाष्टकांची चार पानं उलगडली. भाचीच्या मानेवर घाम फुटला, ती डुलू लागली.

जन्मभर थापा मारल्या, पण असली कधीच नाही: मीच धाडकन आडवा झालो! लोक धावले. भाची माझ्याशेजारी बसली आणि माझ्यासाठी आणलेलं सरबत घटाघटा स्वतःच प्यायली.

"मामांना नेहमी येते का हो चक्कर?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्यांना नाही, मला," भाची म्हणाली. "म्हणा तुम्ही. मी बसूनच ऐकते."