हुंकारा

लाइट गेली आणि नंदिनीचा तारा भिंतीवरून पुसला गेला.

ब्रह्मपुरीत लोडशेडिंगची वेळ दुपारी तीनची, पण त्या दिवशी अडीचलाच गेली. प्रोजेक्टर गप्प झाला आणि त्याच्यापाठोपाठ नंदिनीही. एमएस्सीच्या वर्गात तिचा हा दुसरा सेमिनार. पहिल्या वेळी ती बोलता बोलता मधेच खाली बसली होती. आजही तसंच झालं तर कॉलेज सोडायचं, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. मैत्रिणीला, आयशाला, तसं सांगूनही ठेवलं होतं.

"बोला," लांजेवार सर म्हणाले. सर माणूस चांगला, पण बोला म्हटल्यानं कधी कोणाला बोलता आलंय?

नंदिनीनं ओठ ओले केले.

"हूं."

आवाज शेवटच्या बाकावरून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिथे नंदिनीची आई, रुखमा, पदर सावरत बसली होती. आयशानंच तिला गुपचूप आणून बसवलं होतं. आठवडाभर नंदिनीनं घरी चुलीपुढे इंग्रजी सेमिनारचा सराव केला होता, आईला गोष्ट सांगावी तसा, आणि रुखमा भात शिजवता शिजवता हुंकारा देत गेली होती. हुंकारा थांबला की गोष्ट रानातच राहून जाते, ही त्यांच्या घरची समजूत. रुखमाला त्यातलं कळत किती होतं, हा भाग वेगळा.

पोरं हसली. नंदिनीचे कान लाल झाले. मग तिनं सरांकडे बघणं सोडलं आणि ती आईकडे बघत बोलू लागली.

"तारा नवा असते तवा त्याच्याभोवती धुळीची अन् वायूची चकती फिरत असते."

"हूं."

"त्यातलंच खाऊन तो मोठा होते. पण सारखं नाई खात. आपण चुलीत धानाचा भुसा सारतो ना माय, तसं. कधी चिमूटभर सरकते, कधी ढीगच कोसळते. कोसळला का भडका, नाई त नुसता धुपून राह्यते."

"हूं."

"म्हणून त्याचा उजेड कमीजास्त होते. आपल्याले वाटते, हा आता विझला. पण पुढचा ढीग आतमंधी सरकूनच राह्यला असते."

पाठ केलेलं इंग्रजी केव्हाच सुटलं होतं. पोरांचं हसूही थांबलं होतं. सरांनी हातातला पेन खाली ठेवला होता.

"कोणाला काही प्रश्न?" शेवटी सरांनी विचारलं.

रुखमाच उठून उभी राहिली.

"मंग हा तारा एकसारखा कधी जळते?"

नंदिनीला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. "लय वेळ लागते माय. लाखो वर्सं."

"लागू दे," बाकावर नीट मांडी घालत रुखमा म्हणाली. "मी बसली हाओ ना इथी."