डावा खांदा

"काका, बोट जरा जोरात दाबा," मोबाइलच्या दुकानातली काउंटरवरची मुलगी चौथ्यांदा म्हणाली आणि तिने अंगातल्या कोटाचा डावा खांदा वर ओढला.

मास्तरांनी दाबलं. टॅब ढिम्म. चाळीस वर्षं सुई धरून शिंपीमास्तरांच्या बोटांची टोकं अशी निबर झाली होती, की काचेला ती माणसाची बोटं वाटेचनात. सोबतची भाची हळूच म्हणाली, "मामा, राहू द्या. मी बघेन कसंतरी."

"काय बघशील? चुकीची कात्री लागली की कापड परत जुळतं का?"

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मास्तरांना आपल्या शिवणाच्या दुकानाचा जिना चढवत नव्हता. भाचीची शिलाई सुरेख, पण बेतणं अजून कच्चं. मामांनी घरी बसून टॅबवर रेघ ओढायची आणि तिने ती दुकानात मोबाइलवर बघून कापायचं, एवढीच आशा उरली होती. नाहीतर शटर कायमचं खाली.

हे काउंटरवरच्या मुलीला ठाऊक नव्हतं, कारण तिने विचारलंच नव्हतं. इथे तिला सगळे रेडिओ म्हणायचे. कॅमेरा, बॅटरी, गेम, सिनेमा. येईल त्या गिऱ्हाइकापुढे तोच पाढा. "हाच घ्या काका, सगळे हाच नेतात," तिने पुन्हा सुरू केलं.

"सगळे नेतात म्हणून मला बसेल का?" मास्तर वैतागले. "अगं पोरी, मला फक्त हे असं करायचंय!" सवयीने त्यांचा हात खिशात गेला, कपड्यावर खुणा करायचा खडू बाहेर आला, आणि कुणी हां हां म्हणेपर्यंत टॅबच्या काळ्या काचेवर त्यांनी सर्रकन रेघ ओढली.

भाचीने कपाळावर हात मारला. रेडिओ फडकं घेऊन धावली आणि जागीच थबकली.

काय हात होता तो! पट्टी नाही, टेप नाही. गळा, मुंढा, बाही, सगळं एका दमात. आणि काचेवरचा कोट तिचाच होता. फक्त डावा खांदा जरासा उतरता.

"अर्धा इंच," मास्तर म्हणाले. "तुझा डावा खांदा तेवढा खाली आहे. असतो एखाद्याचा. शिवणाऱ्याने दोन्ही सारखेच शिवले, म्हणून आम्ही आल्यापासून तू तो ओढतेयस."

आल्यापासून कुठलं, पाच वर्षं ओढत होती ती. आपल्यालाच धड उभं राहता येत नाही, असं समजून.

रेडिओने फडकं बाजूला ठेवलं. मग तिने पहिल्यांदाच विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं काय काम करायचंय यावर?"

सगळं ऐकून ती आत गेली आणि गेल्या वर्षीचा एक टॅब घेऊन आली. दिसायला साधा, पण ऐसपैस, आणि सोबत पेन. तिने तो भाचीच्या मोबाइलला जोडून दिला. मास्तरांनी पेन खडूसारखं चिमटीत धरलं आणि काचेवर टेकवलं. रेघ उमटली. भाची मोबाइल घेऊन पार दारापर्यंत पळाली आणि तिथूनच ओरडली, "दिसतंय मामा! मुंढासुद्धा दिसतोय!" मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आरडाओरडा ऐकून मॅनेजर आले. "अगं, या नव्या टॅबवर खडूने कुणी गिरगटलंय? पूस आधी ते!"

"थांबा सर," ती मोबाइलने त्याचा फोटो काढत म्हणाली. "माझं माप आहे ते."